डाव्या दाराची सळई

३ एप्रिल, गुरुवार

आज पहिल्यांदा एक अख्खी गाडी मी एकट्याने केली. स्पीकरची वायर ओढण्यापासून शेवटच्या क्लिपपर्यंत. उस्ताद दिवसभर माल आणायला गेले होते, म्हणून जमलं. नाहीतर "ए कॉलेज, टॉर्च धर" आणि "ए कॉलेज, सरक" यापलीकडे आमची मजल नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं त्याला दीड वर्ष झालं, पण या दुकानात माझं नावच कॉलेज.

गाडी कुणाची? समोरच्या चष्म्याच्या दुकानाची. म्हणजे चष्मेकाकांची. म्हणजे तिच्या वडिलांची. बस, एवढंच लिहितो. ही वही ताईच्या हाती लागली तर घरात वाचन होईल.

काकांनी चाळीस वर्षं लोकांना चष्मे दिले आणि आता त्यांचेच डोळे गेलेत. पूर्ण नाही, माणूस आहे की खांब आहे एवढं कळतं. पेपर सुटला, पुस्तकं सुटली. म्हणून जेवण झालं की ते दुकानामागच्या गल्लीत आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत, डाव्या सीटवर बसतात, काचा वर करतात आणि दोन तास ऐकतात. बातम्या, रेकॉर्ड केलेली पुस्तकं, काय मिळेल ते. जुन्या स्पीकरांतून सगळे आवाज तोंडात बोळा कोंबून बोलल्यासारखे यायचे.

ती स्वतः गाडी सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाबांना शब्द नीट कळले पाहिजेत. धडधड नको." सात शब्द. मोजले.

मग मी जीव ओतला. दाराचा पॅनेल काढला की आतला पत्रा दिसतो, त्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरच्या मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की पुढच्या हवेला मारते आणि आवाज पोकळ होतो. हे मी शिकलोय, फुकट नाही गेलं कॉलेज. उस्ताद भोकांवर डांबराची चिकट शीट लावतात पण एक पट्टा मोकळा सोडतात. आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते, तिच्यासाठी. "सळईवरून शीट नाही. दोन्हीकडे दोन दोन बोटं मोकळी." हा त्यांचा जप. मला ते कधीच पटलं नाही. एवढं सगळं बंद करायचं आणि हातभर फट ठेवायची, म्हणजे मडक्याला भोक ठेवून पाणी भरायचं. मागच्या आठवड्यात एका टॅक्सीत मी ती फट गुपचूप बंद केली होती, आवाजात जमीनअस्मानाचा फरक. आज तर डबल शीट मारली, रोलर फिरवून फिरवून. नंतर दारावर बोटाने ठोकलं. आधी ठण्ण वाजायचं, आता धप्प. तिजोरी!

काका बसले, बातम्या लावल्या. मग म्हणाले, "अरे, हा माणूस श्वास घेतो की!"

ती हसली. माझ्याकडे बघून. मी पाहिलं.

५ एप्रिल, शनिवार

समोर जाऊन आलो. म्हटलं, नवीन काम आहे, वायरी एकदा बघून घेतो. ती म्हणाली, "ठीक आहे सगळं." लाजली असावी, लगेच आत गेली.

७ एप्रिल, सोमवार

ट्वीटरचा कोन बघायला गेलो होतो. ट्वीटर म्हणजे तो काचेशेजारचा छोटा, बारीक आवाजाचा. ती म्हणाली, "परवा वायरी बघितल्यात ना?" मग मीच डोळे तपासून घेतले. गेल्या महिन्यातही तपासले होते. नंबर तेव्हाही शून्य होता. ती म्हणाली, "तुमचे डोळे अगदी उत्तम आहेत. पुन्हा यायची गरज नाही." किती काळजी!

९ एप्रिल, बुधवार

खोटं बोललो. साधं नाही. आता लिहितानाही हाताला घाम येतोय, पान चिकटतंय.

दुपारी ती टॅक्सी आली. टॅक्सीवाला उतरायच्या आधीच ओरडत होता. "स्पीकर बसवलेत की पिंजरा? बाई मागे सामान ठेवून पुढे बसली, पोचल्यावर दार उघडेना. मी उतरून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतोय आणि ही काचेवर थापा मारतेय! पन्नास माणसं जमली. म्हणाले हा बाईला पळवून नेतोय! मार खाता खाता वाचलो!"

उस्तादांनी डावा पॅनेल काढला. मी टॉर्च धरला होता. आतली शीट उन्हाने मऊ होऊन खाली लोंबली होती आणि सळई तिच्यात बसली होती. वितळलेल्या डांबरात चप्पल रुतावी तशी. हँडल ओढलं की सळई जराशी थरथरायची आणि तिथेच राहायची. बाहेरच्या हँडलची सळई वेगळी, ती मोकळी. म्हणून दार बाहेरून उघडतं, आतून नाही.

"गार असताना कळून आलं नसतं," उस्ताद म्हणाले. "सकाळी उघडतं. ऊन चढलं की धरतं. कोणी लावली?"

"मी."

मला वाटलं कानाखाली बसणार. टॅक्सीवाल्यालाही तसंच वाटलं, तो जरा बाजूला सरकला, जागा करून दिली. पण उस्तादांनी फक्त सळईवर बोट ठेवलं. "दार आवाजासाठी नसतं रे कॉलेज. दार माणसाने बाहेर पडायला असतं. आवाज त्यात भाडेकरू." मग मान वर करून म्हणाले, "आणखी कुठल्या गाडीत केलंयस? आत्ता सांगितलंस तर ती चूक. नंतर मला कळली तर तो गुन्हा."

रस्त्यापलीकडे ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. टॅक्सीवाल्याची बोंब ऐकून सगळा रस्ताच बघत होता. मी खरं बोललो असतो तर उस्ताद तसेच हात पुसत पलीकडे गेले असते आणि तिला सांगितलं असतं, की या पोराने तुमच्या बापाला डब्यात बंद केलंय.

"नाही," मी म्हणालो. "ही एकच."

त्यांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं. "बरं," म्हणाले.

काका रोज दुपारी त्या गाडीत एकटे बसतात. काचा वर. डाव्या सीटवर.

१० एप्रिल, गुरुवार

रात्रभर हिशेब केला. किल्ली त्यांच्याजवळ असते, म्हणजे काच खाली करता येईल. पण बटण सापडलं नाही तर? बॅटरी उतरली तर? घाबरला की धडधाकट माणसाला आपलं नाव आठवत नाही. उजव्या दाराने सरकून जाता येईल, पण मध्ये गिअर, हँडब्रेक, वय सत्तर. चक्कर आली तर? बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा झोपलाय.

उस्तादांच्या नकळत दहा मिनिटं मिळाली तरी बास. पॅनेल काढायचा, ब्लेडने शीटचा पट्टा कापायचा, पॅनेल लावायचा. कुणालाच कळणार नाही.

सकाळी समोर गेलो. शक्य तितक्या सहज म्हणालो, "गाडी जरा अर्धा तास पाहिजे होती. डावं दार चेक करायचंय."

तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. "शनिवारी वायर. सोमवारी ट्वीटर. मग डोळे. आज दार."

"नाही, हे खरंच आहे."

"म्हणजे ते खोटं होतं?"

मी म्हणालो, "फ्री आहे."

"तुमच्या उस्तादांनी पाठवलंय का? त्यांना फोन करते."

"नको, नको. राहू दे. एवढं काही नाही."

एवढं काही नाही, असं मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. परत येताना रस्ता ओलांडला हे आठवत नाही, दोघांनी हॉर्न मारून शिव्या दिल्या तेव्हा कळलं.

१२ एप्रिल, शनिवार

सुटलो! जवळजवळ सुटलो.

सकाळी साडेआठला गल्लीतून गेलो तर काका गाडीत. दुकान उघडायच्या आधीच येऊन बसले होते. मी बाहेरून काचेवर टकटक केलं. त्यांनी काच खाली केली. "कोण? खांब नाही एवढं कळलं."

"कॉलेज, काका. समोरचा."

"अरे, ये, ये. बस."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. एक बाई कुठल्याशा जंगलाची गोष्ट वाचत होती, असं वाटत होतं समोर काचेवर बसून वाचतेय. म्हणालो, "काका, तुमच्या बाजूचं दार जरा उघडून दाखवता?"

त्यांचा चेहरा कसातरी झाला. "का?"

"असंच. बिजागरी बघायची आहे."

त्यांनी हात पँटला पुसला. हँडल शोधून काढलं आणि ओढलं. जरा घट्ट गेलं, पण उघडलं. खटकन्! मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. माझ्यापेक्षा तेच जास्त खूश दिसले, दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"सकाळी ठीक असतं," ते म्हणाले. "दुपारनंतर बोटांत जोरच राहत नाही बघ हल्ली. म्हणून आता सकाळीच येतो. चष्म्याचे बारीक स्क्रू मी आत्ताआत्तापर्यंत नुसत्या स्पर्शाने बसवायचो. परवा तो छोटा स्क्रू-ड्रायव्हर मुलीकडे देऊन टाकला. उगाच कुणाची काच फुटायची."

"वयोमान, काका. जरा आराम करा," मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसांचं असंच, ऐकून घ्यावं लागतं. मग त्यांनी विचारलं, "तू कॉलेज का सोडलंस रे?" मी सांगितलं, प्रॅक्टिकलला सरांशी भांडलो, सगळ्यांसमोर जर्नल फाडलं आणि मग माफी मागायला गेलो नाही. ते म्हणाले, "चूक त्यांची होती?"

"नाही. माझी."

"मग तर माफी मागणं सोपं होतं की."

काहीतरीच. आपली चूक असते तेव्हाच तर अवघड जातं.

पण दार उघडलं. डबल शीट म्हणजे कदाचित जास्त पक्की बसली असेल, लोंबणार नाही. देवा, पक्की राहू दे.

१५ एप्रिल, मंगळवार

नाही राहणार पक्की.

आमच्या दुकानाच्या अंगणात एक भंगार दार पडलंय. मी त्यावर तशीच डबल शीट लावली, सळईवरून. रविवारी आणि काल ढग होते, काही झालं नाही. आज ऊन कडक. दहा वाजता हँडल ओढलं, उघडलं. बाराला घट्ट. अडीच वाजता दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. हँडल मोडून हातात आलं, सळई तिथेच.

उस्ताद आतून म्हणाले, "काय चाललंय तिकडे?"

"काही नाही. भंगार आवरतोय."

मी मोडकं हँडल खिशात घालून धावत सुटलो. गल्लीत गाडी भर उन्हात उभी, काचा वर. आत कोण आहे ते चकाकीत दिसेना. मी बाहेरचं हँडल धरून खेचलं, कुलूप होतं. काचेला कपाळ लावून आत बघायला लागलो, सीट रिकामी. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुन्हा तू?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. असं होण्याची मी तीन महिने वाट बघत होतो, पण असं नाही. शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला, दोन गिऱ्हाइकं आली.

"काय पाहिजे तुला?" ती म्हणाली. "दुकानासमोर उभा राहतोस, काही बोलले नाही. खोटी कारणं काढून येतोस, काही बोलले नाही. आता आमच्या गाडीत डोकावतोस? बाबांना आधीच बरं नाही, त्यात ही एक कटकट!"

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, ठेवू का एक?"

तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं: डावं दार आतून उघडत नाही, चूक माझी आहे. आठ शब्द. पण डोक्यात सणक गेली, कॉलेजात गेली होती तीच. मी ओरडलो, "काही नकोय मला! तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ!" आणि पाठ फिरवून चालू लागलो.

खिशातल्या हँडलने मांडीला भोक पडायची वेळ आली होती, इतकं मी ते आवळलं होतं.

१६ एप्रिल, बुधवार

आज काही झालं नाही. म्हणजे आज कुणी मेलं नाही.

दिवसभर दुकानाच्या दारात बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होतो. रुग्णवाहिकेचा आवाज आला की उठून उभा राहायचो. एकदा आली, सरळ निघून गेली. काका गाडीकडे फिरकलेच नाहीत, सकाळीही नाही. का नाही गेले? गेले नाहीत म्हणून हायसं वाटलं आणि का नाही म्हणून आणखी भीती वाटली.

ताई म्हणाली, "जेवणात लक्ष नाही, साबण लावून अंग न धुता बाहेर आलास. कोण आहे ती?" मी म्हणालो, "एक म्हातारा आहे." ती इतकी हसली की आईला सांगायला धावत गेली.

माझे बाबा कानात बोलल्यासारखं म्हणाले, "दुकान तरी सोडू नकोस आता." बस, एवढंच. त्यांना वाटतं मी सगळं अर्ध्यावर सोडतो.

१७ एप्रिल, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात फेरफार करीन.

साडेबाराला गल्लीत गाडी नव्हती. समोरचं शटर खाली. त्यावर कागद चिकटवलेला, तिच्या अक्षरात: "वडिलांना घेऊन दवाखान्यात गेले आहे. चारपर्यंत बंद."

डोळ्यांचा दवाखाना असणार, मला वाटलं. आणि लगेच चित्र दिसलं. ती त्यांना गाडीत बसवून फाइल आणायला आत जाणार. वाहनतळावर एक झाड नाही. बाहेर ऊन असं, की आमच्या भंगार दाराला हात लावला तर चटका बसत होता.

माझे पाय आपोआप आत गेले. उस्ताद एका ॲम्प्लिफायरवर वाकले होते.

"आणखी एक गाडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी सोल्डरिंगचा टाका पूर्ण केला. मग विचारलं, "कुठली?"

"समोरची. डावं दार. डबल शीट."

"किती दिवस झाले?"

"चौदा."

"आणि मला खोटं सांगून?"

"आठ."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी इस्त्रीची वायर काढावी तशी शांतपणे सोल्डरिंग गनची वायर सॉकेटातून काढली, पॅनेल उचकायची पट्टी घेतली, कटर घेतला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. पाण्याच्या बाटल्या बघून माझं अवसान गेलं. उस्तादांनी तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही.

"कुठला दवाखाना?"

"डोळ्यांचा असेल."

तिथे गाडी नव्हती. उस्ताद गाडी चालवत होते. मी सिग्नलचे आकडे मोजत होतो. दुसरा दवाखाना मोठा, त्याच रस्त्याला पुढे. त्याच्या वाहनतळात तिसऱ्या रांगेत पांढरी गाडी दिसली. काचा वर. डाव्या सीटवर काका.

मी गाडी थांबायच्या आधी उतरलो, पडलो, गुडघा फुटला, उठलो. जवळ गेलो तर ते हलत होते. वाकून बसले होते आणि दाराचं हँडल ओढत होते. ओढायचे, थांबायचे, बोटं चोळायचे. मूठ उघडायचे, मिटायचे. पुन्हा ओढायचे. अडकलेल्या माणसासारखं नाही. परीक्षेच्या आधी पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं.

मी बाहेरचं हँडल धरून दार खेचलं.

"उघडलं!" काका ओरडले. तोल जाऊन बाहेरच येत होते, मी खांद्याला धरलं. अंग घामाने भिजलेलं आणि तोंडावर इतका आनंद, की मी आयुष्यात विसरणार नाही. "उघडलं! बघ, उघडलं! कोण आहे तिथे? अगं, हाताने उघडलं माझ्या!"

ती तेव्हाच फाइल घेऊन इमारतीतून येत होती. मला बघून थबकली, मग उस्तादांना बघून भरभर आली. "काय झालं? बाबा?"

"हातात जोर आहे अजून!" काका सांगत होते. त्यांच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांवर कापसाचे तुकडे चिकटवलेले होते. चार चार.

"त्यांच्या हातांच्या नसा तपासायला आणलं होतं," ती उस्तादांना म्हणाली. "दहा-बारा दिवस झाले, दुपारी हातच चालत नाहीत म्हणतात. सुया टोचून मशीन लावतात." मग वडिलांना, "रिपोर्ट चांगला आहे, बाबा. काहीच दोष नाही म्हणाले."

काकांचा चेहरा उतरला. "मशीन म्हणतं ठीक, आणि दार म्हणतं नाही. मग दोष आहे कुठे? डोक्यात? डोळे गेले, हात चालले, आता डोकं?" मग पुन्हा उजळून, "पण आत्ता उघडलं. तू नव्हतीस, आत्ता उघडलं."

उस्ताद माझ्याकडे बघत होते. ते सांगू शकले असते. सांगत नव्हते.

आठ दिवस मी एकाच गोष्टीला घाबरत होतो, की काका आत अडकतील. ते तर रोज अडकत होते. सकाळी यायला लागेपर्यंत दर दुपारी अडकून, गिअरवरून सरकून, ड्रायव्हरच्या दाराने उतरून घरी जात होते आणि कुणाला सांगत नव्हते. दाराला नाही, स्वतःच्या बोटांना दोष देत होते. माझ्या शेजारी बसून त्यांनी ते मला सांगितलंसुद्धा होतं. आणि मी म्हणालो होतो, वयोमान, काका.

"काका," मी म्हणालो. "आत्ता ते तुम्ही नाही उघडलं. मी बाहेरून उघडलं."

त्यांनी मूठ उघडली, मिटली.

"आणि रोज उघडत नव्हतं तेही तुमच्यामुळे नाही. मी आत डांबरी शीट लावलीय. ऊन लागलं की सळईला धरते. उस्तादांनी लावू नको सांगितलं होतं. मला आठ दिवसांपासून माहीत होतं. तुमचा हात चांगला आहे, काका. दार बिघडलंय. मी बिघडवलंय."

तिने फाइल छातीशी धरली. "म्हणजे परवा गल्लीत... तेव्हा तू हे सांगायला आला होतास?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस."

"नाही."

"त्यांना सुया टोचताना मी हात धरून बसले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आठ सुया." तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला नीट वाचता आली. पहिल्यांदाच, बहुतेक.

काका मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. त्यांनी हवेत हात पुढे करून माझा दंड चाचपला. दाबून बघितला. "वय काय तुझं?"

"एकवीस."

"आत बस."

"काका?"

"बस म्हणतो ना. माझ्या जागेवर."

मी बसलो. सीट भट्टीसारखी तापलेली. काकांनी बाहेरून दार लावून घेतलं. काच वर होती, किल्ली त्यांच्या हातात. आतली हवा तोंडावर ओल्या घोंगडीसारखी बसली. काका वाकले आणि दोन्ही तळहात बाहेरून दाराच्या पत्र्यावर टेकले, वैद्याने छाती बघावी तसे.

"उघड!"

मी ओढलं. हँडल आलं, दार नाही.

"ओढतोयस ना?"

"ओढतोय काका!"

"जोर लाव! माझ्यासारखा नको, तुझ्यासारखा लाव!"

मी पाय खाली रोवले आणि दोन्ही हातांनी ओढलं. मला माहीत होतं की उस्ताद दोन फुटांवर उभे आहेत, बाहेरून एका बोटाने उघडतं. सगळं माहीत होतं. तरी तिसऱ्या झटक्याला छातीत काहीतरी सुटलं, दम कोंडला, काचेवर थाप मारावीशी वाटली. तोंडातून "उघडा" निघणार होतं. दात आवळून धरले.

"नाही उघडत?" काका बाहेरून.

"नाही!"

"खरंच नाही?"

"आईशप्पथ नाही, काका!"

पत्र्यावरचे त्यांचे तळहात माझा प्रत्येक झटका ऐकत होते. मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, वाहनतळातली माणसं वळून बघतील एवढ्याने. "अगं, इकडे ये! हात लाव इथे! एकवीस वर्षांचा बैल आहे आत, त्याच्याही हातून उघडत नाही!"

तिने येऊन एक हात दारावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, वडिलांकडे बघत होती.

उस्तादांनी हँडलकडे हात नेला, पुरे आता, अशा अर्थाने. मी काचेतून मान हलवली, नको. काकांची अजून खात्री पटली नव्हती.

"पुन्हा ओढ!" ते म्हणाले.

मी पुन्हा ओढलं.